गळाचे गुरू

तेलंगणात मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद व्हायचे तर नुसता अर्ज भरून भागत नाही, परीक्षा द्यावी लागते. मत्स्यखात्याचे अधिकारी तलावाकाठी उभे राहतात आणि उमेदवाराला सांगतात: पोहून दाखवा, जाळे फेकून दाखवा, जाळे विणून दाखवा. आदिलाबाद असो की खम्मम, कसोटी हीच. फेकजाळे हातातून सुटले की हवेत पुरते उघडून पाण्यावर गोल पडावे लागते. एखादी घडी राहिली तर मासा तिथूनच निसटतो, आणि उमेदवारही. या परीक्षेची शिकवणी कुठे लागत नाही. बाप, काका, थोरला भाऊ हेच मास्तर, आणि वर्ग भरतो तो पहाटे, गुडघाभर पाण्यात.

तिकडे अमेरिकेत १९९२ पासून पाण्यात काहीतरी नीट फेकून दाखवण्याचीच दुसरी एक परीक्षा घेतली जाते. फ्लाय फिशिंग शिकवणाऱ्यांना ‘फेडरेशन ऑफ फ्लाय फिशर्स’ ही संस्था त्या वर्षापासून प्रमाणपत्र देऊ लागली. काठीने दोरी किती लांब आणि किती सरळ टाकता येते हे तिथे पाहतात, पण तेवढ्यावर सोडत नाहीत. समोरच्या शिकाऊ माणसाचे मनगट कुठे चुकते ते ओळखून त्याला सांगता आले पाहिजे. म्हणजे परीक्षा फेकण्याची आणि शिकवण्याचीही. त्याआधी, १९७९ साली, जोन वुल्फ आणि तिचा नवरा ली वुल्फ यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगराळ भागात या विद्येची रीतसर शाळाच काढली होती.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगावे लागते. गळाच्या आकड्याला पिसे, केस आणि रंगीत दोरा गुंडाळून माशी किंवा किडा बनवतात. तिला वजन असे नसतेच. साध्या गळाला शिशाचा तुकडा बांधून झोकून देता येते, इथे ती सोय नाही. वजन असते ते जाड दोरीत. काठी मागे-पुढे झुलवत ती दोरी हवेत उलगडायची आणि टोकाची माशी पाण्यावर खऱ्या किड्यासारखी अलगद उतरवायची. याला वाहते, नितळ आणि शक्यतो थंड पाणी लागते. काश्मीरमध्ये १९०० साली ट्राउट माशांची अंडी परदेशातून सुखरूप पोचली, पुढे निलगिरीतही ट्राउट रुजला, आणि तिथे ही कला टिकली.

आदिलाबादच्या पाण्याचा स्वभाव वेगळा. जिल्ह्याच्या उत्तरेची पैनगंगा आज तेलंगण आणि महाराष्ट्र यांच्यातली सीमा आहे, पूर्वी निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांच्यातली होती. पावसाळ्यात ती मातकट होऊन फुगते आणि वैशाखात डोहाडोहांत विखुरते. कुंटाला धबधब्यावरून कोसळणारी कडम नदी देखणी खरी, पण चैत्र लागला की तिचीही धार बारीक होते. पिसांच्या माशीने फसणारा ट्राउट इथे कधी नव्हता. इथे भोई, बेस्त, गंगापुत्र, मुदिराज या जातींच्या लोकांनी जाळ्यांनी, सापळ्यांनी आणि गळांनी मासे धरले. गळ त्यांच्याकडेही होताच, फक्त त्याचा खेळ झाला नव्हता.

खेळ झाला तो राजाघरी, आणि इंग्रज या देशात येण्याच्या कितीतरी आधी.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ११२६-२७च्या सुमारास गादीवर आला. त्याची कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आदिलाबादप्रमाणे तेही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. या राजाने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाचकाला तो ओळखीचा असतो तो ओवीमुळे, कारण कांडताना महाराष्ट्रातल्या बायका ओव्या गातात अशी नोंद त्यात आहे. पाच विंशती, शंभर अध्याय, आणि राजाने राज्य कसे मिळवावे इथपासून जेवावे काय इथपर्यंत सारे काही. त्यातल्या चौथ्या विंशतीत राजाच्या करमणुकी येतात आणि त्यांत एक अध्याय आहे मत्स्यविनोद. हा अध्याय गळाने मासे धरण्याचा पाठच आहे. त्यात समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या पस्तीस प्रकारच्या माशांची नावे आहेत. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते, लहान कोणते, ही विभागणी आहे. कोणाला पिठाचे गोळे घालावेत आणि कोणाला मांस, हे वेगवेगळे सांगितले आहे. गळ लगेच टाकायचा नाही; आधी ठरावीक जागी चारा टाकून माशांना तिथे यायची सवय लावायची, त्यांना पोसायचे, आणि मग काठी, दोरी, आकडा. इंग्लंडमध्ये गळाच्या खेळावरचे छापील पुस्तक १४९६ साली निघाले आणि वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली. सोमेश्वराने त्यांच्या कितीतरी आधी लिहून ठेवले होते.

ही विद्या राजाला कोणी शिकवली? कल्याणीच्या आसपासच्या मासेमारांनी, असे मानायला हरकत नसावी. कोणता मासा काय खातो हे सिंहासनावर बसून कळत नाही.

ग्रंथ पुन्हा उजेडात आला तोही मराठी हातांनी. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी त्याचे संपादन केले, पहिला खंड १९२५ साली आणि तिसरा थेट १९६१ साली. दुसरा खंड निघाल्यावर भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांचे लक्ष तिकडे गेले आणि १९५१ साली त्यांनी मत्स्यविनोदावर एक सविस्तर निबंध लिहिला. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, २००५ मध्ये, हैदराबादच्या नलिनी साधले आणि य. ल. नेने या दोघांनी हा अध्याय पुन्हा हाती घेतला. साधले उस्मानिया विद्यापीठात संस्कृतच्या प्राध्यापक होत्या. नेने वनस्पतिरोगतज्ज्ञ होते, त्यांनी सिकंदराबादला प्राचीन शेतीच्या अभ्यासासाठी संस्था उभी केली होती. एक संस्कृत जाणणारी आणि एक शेती जाणणारा, अशी जोडी जमल्याशिवाय असला मजकूर उलगडत नाही. पस्तीस नावांपैकी कोणते नाव आजच्या कोणत्या माशाचे, हा त्यातला सगळ्यांत चिवट प्रश्न.

नावांच्या बाबतीत कर्नल विल्यम हेन्री साइक्स अधिक हुशार निघाला, किंवा अधिक आळशी म्हणा. मुंबई सरकारचा हा सांख्यिकी अधिकारी १८२४ पासून दख्खनभर हिंडला. पिके, पाऊस, लोकसंख्या मोजता मोजता त्याने पक्षी आणि मासेही जमवले. १८३८-३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत त्याने दख्खनच्या माशांची यादी मांडली, तेव्हा लॅटिन विशेषणे शोधत बसण्याऐवजी काठावर ऐकलेली मराठी नावेच त्याने उचलली: खुद्री, कोळस, नुक्टा, मल्या, शिंगटी. ती शास्त्रात आजही चालू आहेत. पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेला महसीर जगभरच्या पुस्तकांत टॉर खुद्री म्हणून नोंदलेला आहे. गोदावरीच्या खोऱ्यातही तो सापडतो. नावे सांगणाऱ्या मच्छीमारांपैकी एकाचेही नाव मात्र कुठल्या माशाला चिकटले नाही.

साहेबांचा गळाचा शौक वाढला तो याच महसीरमुळे. विलायतेत सॅमन मिळतो, तसा इथे जोरात ओढणारा हा मासा. मद्रास इलाख्यातला कलेक्टर हेन्री सुलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले आणि हिंदुस्थानात गळ टाकू पाहणाऱ्या प्रत्येक गोऱ्या अधिकाऱ्याच्या पेटीत ते जाऊन बसले. काठी कोणती, माशी कोणती, चमच्यासारखे धातूचे आमिष कधी ओढायचे, नदीकाठच्या झाडांची फळे पाण्यात पडतात तिथे महसीर का जमतो, हे सगळे त्याने मोकळ्या, विनोदी शैलीत सांगितले. त्याने शिकवलेले फ्लाय फिशिंग विलायतेची नक्कल नव्हते. इथल्या पाण्यात काय चालते ते पाहून त्याने ते बदलले होते. पुढे १८८७ मध्ये त्याने तलावांतल्या मासेमारीवर वेगळे पुस्तक काढले. त्यात मरळीला मानाचे पान मिळाले.

थॉमसची दुसरी लढाई विषाशी होती. उन्हाळ्यात आटत्या डोहात गेळाची फळे किंवा हिंगणबेट कुटून टाकायचे आणि गुंगलेले मासे गोळा करायचे, ही रीत दख्खनच्या जंगलपट्ट्यात सर्वत्र होती. वर्षातून एकदा, एका डोहात, गावाने मिळून केली तर तिने नदी मरत नव्हती. पण सुरुंगाची दारू हाताशी आल्यावर गणित बिघडले. १८९७ च्या मत्स्यकायद्याने पाण्यात स्फोट करणे आणि विष कालवणे हे दोन्ही गुन्हे ठरवले. कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, निजामाच्या राज्याला तो लागू नव्हता. तिथे माशांची रीतसर मोजदादच उशिरा सुरू झाली. एम. रहिमुल्ला यांनी १९४३ पासून मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात हैदराबाद संस्थानाच्या मत्स्यपाहणीचे लेख लिहिले: आधी राजधानीचा परिसर, मग मेदक, आणि १९४७ मध्ये एस. महमूद यांच्यासह निजामाबाद. आदिलाबादच्या उंबरठ्यापर्यंत पाहणी आली होती.

त्याच काळात आदिलाबादमध्ये शिक्षकांचे शिक्षण वेगळ्या कारणाने गाजत होते. क्रिस्तॉफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई या खेड्यात गोंड शिक्षक घडवणारे केंद्र सुरू झाले आणि गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. गोंड मुलाला गोंड माणसाने शिकवावे, हा विचार त्यामागे होता. मासेमाराच्या पोराला आपल्याच माणसाकडून शिकण्याचा लाभ आयताच होता, फक्त त्याची ना पाटी होती ना पुस्तक.

मुंबईत गळाचे वेड मध्यमवर्गात उतरले. १८९१ साली शहराला पाणी पुरवायला बांधलेला पोवईचा तलाव पिण्यासाठी निरुपयोगी ठरला आणि गळवाल्यांच्या पथ्यावर पडला. १९३६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या हौशी गळवाल्यांची संघटना उभी राहिली, तीच पुढे महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन झाली. ए. सेंट जे. मॅक्डोनाल्ड याचे महसीरला चकवण्याच्या युक्त्यांवरचे पुस्तक १९४८ मध्ये निसर्ग इतिहास संस्थेनेच काढले. स्वातंत्र्य मिळून वर्ष झाले तरी हे ज्ञान इंग्रजीतच होते.

याच मुंबईतून सी. व्ही. कुलकर्णी पुढे आले. तरुण वयात त्यांनी मुंबईच्या खाड्यांतला एक इवलासा, काचेसारखा पारदर्शक मासा शोधला आणि १९४० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नाव दिले होराइक्थिस सेटनाई. एक अर्धे मत्स्यविनोदाचा अर्थ लावणाऱ्या होरांचे, दुसरे मत्स्यखात्यातल्या डॉ. सेटना यांचे. गुरूंची नावे माशाला देऊन ठेवणारा हा विद्यार्थी पुढे राज्याच्या मत्स्यखात्याचा संचालक झाला, आणि निवृत्तीच्या वयात त्याने लोणावळ्याच्या महसीरचा प्रश्न हातात घेतला.

लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तलाव टाटांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खोपोलीच्या वीजघरासाठी बांधले. महसीरला वाहते पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट चढत जातो आणि खडकाळ तळावर अंडी घालतो. धरणाची भिंत आडवी आली की ही वाट बंद होते. पण सह्याद्रीचे ओढे धो-धो वाहत तलावात उतरतात त्या मुखाशी जुलै-ऑगस्टमध्ये मोठे मासे गोळा होतात, हे काठावरच्या माणसांना माहीत होते. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी तिथेच रात्री जाळी लावू लागले. पक्व मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी भांड्यात घ्यायची, त्यावर नराचे रेत सोडायचे, पिसाने हलवायचे, धुऊन वाहत्या पाण्याच्या तबकात पसरायचे. सोनेरी, जड अंडी तळाशी बसतात. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि उजेड टाळण्यासाठी तोंडे कोपऱ्यात खुपसून पडून राहतात. हे सगळे कुलकर्णींनी १९७०-७१ च्या सुमारास निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात तपशिलाने लिहिले. दख्खनच्या महसीरचे जन्मवृत्त इतक्या जवळून आधी कोणी पाहिले नव्हते.

एस. एन. ओगले यांनी हे काम पुढे नेले. टाटांच्या वळवण येथील मत्स्यबीज केंद्रात ते वर्षानुवर्षे महसीर वाढवत राहिले. त्यांची आणि कुलकर्णींची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. फलित अंडी पाण्यात पाठवायची तर डबे जड होतात आणि हिंदकळून अंडी मरतात. म्हणून त्यांनी ती ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठवली आणि पोचल्यावर ती उबली. जागतिक दर्जाच्या एका मत्स्यशेती नियतकालिकात १९७९ मध्ये दोन पानांचा लेख आला तो या कापसाचा. दोन पानांत एवढे काम केलेले लेख विरळाच. लोणावळ्याची अंडी आणि बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, पुढे अनेक राज्यांच्या तलावांत आणि नद्यांत गेली, त्यांत कावेरीही होती.

इथे गोष्ट अडचणीची होते. कावेरीत आधीपासून एक महसीर होता, पाठीला कुबड असलेला, केशरी परांचा, अवाढव्य. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन याने गळाने काढलेला १२० पौंडांचा मासा कावेरीच्याच खोऱ्यातला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारतीय वन्यजीव संघटनेने नदीचा एक पट्टा राखायला घेतला, गळवाल्यांचे तळ उभे राहिले, आणि पूर्वी चोरून मासे मारणारी गावची माणसे वाटाडे झाली. परदेशी पाहुण्यांना डोह दाखवणारी, नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा आकड्याला लावून देणारी हीच माणसे खरे गुरू होती. सोमेश्वराच्या अध्यायातले पिठाचे गोळे अजून चालतच होते. पकडलेला मासा मोजून, वजन करून, वहीत लिहून परत सोडायचा, असा तळावरचा शिरस्ता होता.

त्या वह्यांनीच पुढे साक्ष दिली. गालिबोरे तळावरच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी एड्रियन पिंडर आणि राजीव राघवन यांनी सहकाऱ्यांसह तपासल्या. निळ्या परांचे महसीर वाढत गेलेले, आणि कुबडवाल्यांत लहान पिढी जवळजवळ दिसेनाशी झालेली. निळ्या परांचा म्हणजे टॉर खुद्री, म्हणजे लोणावळ्याकडून आलेला पाहुणा. २०१८ मध्ये कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. ज्या माशाने इंग्रजांना वेड लावले त्याला शास्त्रीय नाव मिळेपर्यंत तो संपत आला होता. टॉर खुद्री मात्र २०११ मध्ये धोक्यात म्हणून नोंदला गेला होता, तो २०१९ मध्ये त्या यादीतून बाहेर पडला.

कुलकर्णी-ओगल्यांना दोष द्यावा असे यात काही नाही. महसीर म्हणजे महसीर, जिथे कमी झाला तिथे सोडावा, हीच त्या काळची समज होती आणि ती सर्वांचीच होती. मात्र एका नदीचा मासा दुसरीत सोडताना त्या दुसऱ्या नदीच्या काठच्या जुन्या माणसांना कोणी काय विचारले, हा प्रश्न उरतो. महाडजवळ वाळणकोंडीला देवीच्या नावाने राखलेल्या डोहात काळ नदीचे महसीर पिढ्यान्‌पिढ्या सुखाने पोहत आहेत. तिथे बाहेरून बीज आणावे लागले नाही.

आदिलाबादमध्ये बीज येते ते तलावांसाठी. २०१६-१७ पासून तेलंगण सरकार मच्छीमार संस्थांना मोफत मत्स्यबोटुकली देते. सातनाला, मत्तडीवागू यांसारख्या प्रकल्पांचे जलाशय आणि गावोगावचे तलाव रोहू, कटला, मृगळ यांनी भरतात. यातले रोहू आणि मृगळ मूळचे उत्तरेच्या नद्यांतले. ते जाळ्याचे मासे आहेत, लवकर वाढतात आणि भाव देतात. संस्थांनी ते का नाकारावेत?

गळाचा मुख्य मासा इथे मरळ. तेलंगणाने २०१६ मध्ये तिला राज्याचा मासा ठरवले, तेलुगूत कोर्रमीनू. मरळीला पाण्यावर येऊन श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती कुठे आहे हे बुडबुड्यावरून कळते. आकड्याला बेडूक लावून तो शेवाळावरून ओढला की ती झेपावते. ही जुनी युक्ती. आता हैदराबाद, नांदेड, चंद्रपूरकडची तरुण मुले रबरी बेडूक आणि कार्बनची काठी घेऊन तेच करतात. दोरीला कोणती गाठ मारायची, रबरी बेडूक किती झटक्याने ओढायचा, हे ती मोबाईलवर पाहून शिकतात.

मोबाईल सहसा सांगत नाही ती गोष्ट पावसाळ्याची आहे. पाऊस सुरू झाला की मरळीची वीण होते. लालसर पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी खदखदताना दिसतो आणि त्याखाली आईबाप पहारा करतात. तिथे बेडूक टाकला तर मरळ भुकेने नव्हे, रागाने धावून येते आणि हमखास लागते. राखणदार गेला की थव्यावर बाकीचे मासे तुटून पडतात. तलावाचा ठेका संस्थेकडे असतो, त्यामुळे काठी घेऊन येणाऱ्या मुलाला आधी संस्थेच्या माणसाला विचारावे लागते. दर हंगामात निदान तेवढ्या वेळापुरती ते दोघे समोरासमोर येतात.